ओबोचा ए५ च्या पुढचा पल्ला हाती का येत नाही?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: तीन वर्षांपासून आपण ओबो (फुंकून वाजवायचे लाकडी वाद्य) वाजवत आहात. जी५ पर्यंतचे स्वर नीट लागतात, पण ए५ पासून पुढे स्वर एक तर फुटून खालच्या सप्तकात कोसळतो किंवा लागलाच तर चढा आणि कर्कश लागतो. डी६ आणि ई६ बहुतेक वेळा येतच नाहीत. ओठ अधिक आवळून धरा, असा सल्ला आपल्याला मिळाला. तो पाळता यावा म्हणून आपण अधिक कडक रीड (ओबोच्या टोकाला बसवून फुंकायची वेताची दुहेरी पाती) घेतल्या आणि आता दहा मिनिटांतच ओठ गळून जातात. दोष रीडचा, वाद्याचा की ओठांचा, असे आपण विचारले आहे. उत्तरात मी आपल्याप्रमाणेच सप्तकांचे आकडे वापरते, म्हणजे पियानोवरचा मधला सी हा सी४ आणि पाच रेषांच्या वर पहिल्या अतिरिक्त रेषेवर येणारा ए हा ए५.

मला हा प्रश्न थोडा वेगळ्या रीतीने मांडावासा वाटतो. ओठ आवळल्यावर स्वर कसाबसा लागतो, याचा अर्थ त्या स्वराला जे हवे आहे ते त्याला योग्य ठिकाणाहून मिळत नाही आणि ती उणीव ओठ भरून काढत आहेत. नेमके काय कमी पडत आहे, हे आधी शोधले पाहिजे. ते सापडेपर्यंत ओठांना आणखी कामाला लावले, तर मूळ कारण झाकले जाते आणि वर एक सवय जडते. ही सवय सोडवायला पुढे कितीतरी महिने जातात, हे मी शिकवताना वारंवार पाहिले आहे.

आपले वाद्य मी हातात घेतलेले नाही आणि आपला स्वर ऐकलेला नाही, त्यामुळे पुढचे बरेचसे अनुमान आहे. आपल्या ओबोची ऑक्टेव्हची (सप्तक बदलणारी) यंत्रणा अर्धस्वयंचलित आहे की पूर्ण स्वयंचलित, रीड लांब स्क्रेपची (घासून पातळ केलेल्या भागाची) आहे की आखूड, ती आपण स्वतः घासता की तयार घेता आणि वाद्य जाणकाराच्या हाताखालून शेवटचे कधी गेले, यांवर उत्तर बदलू शकते. मात्र त्रास कोणत्या स्वरापासून सुरू होतो, हे आपण नेमके लिहिले आहे आणि माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातली तीच सर्वांत मोलाची माहिती आहे.

ती मोलाची का, हे समजण्यासाठी ओबोचा पल्ला कसा विभागला आहे ते पाहू. नळी शंकूच्या आकाराची असल्यामुळे ओबो वरच्या पल्ल्यात जाताना बरोबर एका सप्तकाची उडी घेतो. सर्वांत खालच्या बी फ्लॅट ३ पासून सी५ पर्यंतचे स्वर मूळ पल्ल्यातले आहेत. सी शार्प ५, डी५ आणि ई फ्लॅट ५ या तीन स्वरांना डाव्या तर्जनीचा हाफ-होल (तिच्या पट्टीवरचे बारीक छिद्र तेवढे उघडणे) लागतो. ई५ पासून जी शार्प ५ पर्यंत अंगठ्याची पहिली ऑक्टेव्ह चावी काम करते आणि ए५ पासून सी६ पर्यंत दुसरी, जी बहुतेक वाद्यांवर तर्जनीच्या कडेने दाबली जाते. त्यापुढे बोटांची मांडणीच बदलते आणि डी६ पासून हाफ-होल पुन्हा कामाला येतो. खरे पाहता प्रत्येक स्वराला उडी घेण्यासाठी आपापल्या जागी एक छिद्र हवे असते, पण एवढी छिद्रे पाडणे शक्य नसल्याने वाद्य बनवणारा दोन बारीक छिद्रे आणि हाफ-होल यांवर तडजोड करतो. त्यामुळे प्रत्येक टप्प्याच्या कडेचे स्वर मुळातच थोडे नाजूक असतात.

आता आपली तक्रार पुन्हा वाचा. जी५ चांगला आणि ए५ वाईट, म्हणजे पहिल्या छिद्राची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते अगदी तिथेच गाडी अडते. केवळ ओठ किंवा श्वास कमी पडत असता, तर एफ५ थोडा अवघड, जी५ अधिक अवघड, ए५ त्याहून अवघड असा हळूहळू चढत जाणारा त्रास झाला असता. यंत्रणेच्या सीमेवर अचानक उभी राहणारी अडचण माझे लक्ष सर्वप्रथम यंत्रणेकडे वळवते. जी शार्प ५ विषयी आपण काही लिहिलेले नाही. तो स्वरही जी५ इतकाच सहज लागत असेल, तर हा संशय अधिक पक्का होतो.

यासाठी एक चाचणी आहे आणि तिला कोणतेही साधन लागत नाही. आपला ओबो अर्धस्वयंचलित असेल, तर आपण बहुधा अंगठा पहिल्या चावीवर तसाच ठेवून तर्जनीच्या कडेने दुसरी चावी दाबत असाल. तसे करण्यात काही चूक नाही, कारण दुसरी दाबली की पहिलीचे पॅड (छिद्र झाकणारी गादी) आपोआप बंद व्हावे अशीच ती रचना असते. एकदा मुद्दाम अंगठा पूर्ण उचला आणि फक्त दुसऱ्या चावीने ए५, बी५ आणि सी६ वाजवा. स्वर लगेच सुधारले, तर दुसरी दाबल्यावर पहिली पूर्ण बंद होत नाही असा अर्थ होतो. दोन्ही छिद्रे एकाच वेळी किंचित उघडी राहिली की हवेच्या स्तंभाला कुठे दुभंगायचे ते ठरवता येत नाही आणि स्वर फुटतो. वाद्य पूर्ण स्वयंचलित असेल, तर दोन्ही छिद्रांचे काम अंगठाच करतो आणि डावी अनामिका उचलली की यंत्रणा पहिल्या छिद्रावरून दुसऱ्यावर जाते. अशा वाद्यावर आरशासमोर न फुंकता जी५ आणि ए५ ची बोटे सावकाश बदला आणि एक पॅड पूर्ण बसून दुसरे स्पष्ट उचलले जाते का, ते डोळ्यांनी पाहा.

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीचे ए५ आणि बी५ काही आठवड्यांच्या अंतराने अचानक बिघडले होते. मी तिला जवळजवळ महिनाभर दीर्घ स्वरांचा रियाज करायला लावला, श्वासाविषयी बोलत राहिले, दोन वेळा रीड बदलून दिली आणि त्या काळात ती ओठ अधिकाधिक आवळू लागली. शेवटी दोन्ही चाव्यांना जोडणाऱ्या पट्टीखालचा कॉर्कचा बारीकसा तुकडा गळून पडल्याचे लक्षात आले. तो चिकटवल्यावर ते स्वर त्याच दुपारी परत आले, पण आवळलेले ओठ सैल व्हायला पुढचे अर्धे वर्ष लागले. तेव्हापासून विद्यार्थ्याच्या शरीराविषयी काही बोलण्यापूर्वी मी त्याचे वाद्य पाहते.

अंगठा उचलूनही फरक पडला नाही, तर दुसऱ्या छिद्राकडेच पाहावे लागेल. ऑक्टेव्हची छिद्रे इतकी बारीक असतात की श्वासातल्या ओलाव्याचा एक थेंबसुद्धा ती बंद करू शकतो. पाणी असेल तर त्रास सुरुवातीला नसतो, काही मिनिटे वाजवल्यावर येतो आणि त्यासोबत हलकी गुडगुड ऐकू येते. अशा वेळी ती चावी उघडी धरून छिद्रातून जोराची एक फुंकर मारावी, पॅडखाली सिगारेटचा पातळ कागद धरून पॅड हलकेच दाबावे आणि नळीतून रेशमी स्वॉब (पुसायचे फडके) ओढून घ्यावा. वादन थांबवून वाद्य खाली ठेवताना ऑक्टेव्हची छिद्रे वरच्या बाजूला राहतील असे ठेवले, तर पाणी त्यांच्याकडे वाहत नाही. याउलट त्रास पहिल्या मिनिटापासून असेल आणि रोज सारखाच असेल, तर छिद्रात पाण्याऐवजी साचलेला मळ असण्याचा संभव अधिक आहे. तो काढण्यासाठी सुई किंवा तार कधीही वापरू नये, कारण छिद्राची कड किंचित जरी खरवडली गेली तरी ते छिद्र कायमचे बिघडते. मऊ केसांचा बारीक ब्रश चालेल. तेवढ्याने निघाले नाही, तर ते छिद्र असलेली धातूची नळी बाहेर काढून साफ करण्याचे काम दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्यावे.

गळतीविषयी फार लांबण लावत नाही. वरचा भाग सुटा घेऊन त्याच्या चाव्या वाजवताना असतात तशा बंद कराव्यात, पट्ट्यांमधली बारीक छिद्रे बोटांनी झाकावीत, खालचे तोंड तळव्याने बंद करावे आणि वरून हवा ओढावी. ओढ चार-पाच सेकंद टिकली पाहिजे. टिकत नसेल, तर वरच्या टोकाजवळची ट्रिलच्या (दोन स्वर झपाट्याने आलटून-पालटून वाजवण्याच्या) चाव्यांची छोटी पॅड्स आधी तपासावीत. नळीच्या वरच्या टोकाजवळची गळती नको त्या ठिकाणी उघडलेल्या ऑक्टेव्हच्या छिद्रासारखी वागते आणि वरच्या पल्ल्याला सर्वांत जास्त त्रास देते. लाकडी ओबोला केसाएवढी बारीक चीर पडते तीही बहुधा याच भागात, ट्रिलच्या छिद्रांच्या आसपास. चाव्यांची जुळणी करणारा एखादा स्क्रू फिरवावासा वाटलाच, तर आधी त्याची खाच कोणत्या दिशेला आहे ते टिपून ठेवा आणि एका वेळी एक अष्टमांश फेऱ्याहून अधिक फिरवू नका.

आता रीड. वाद्य निर्दोष ठरले तरी आपला प्रश्न सुटेल याची मला खात्री वाटत नाही, कारण आपण लिहिलेली लक्षणे रीडकडेही बोट दाखवतात आणि कडक रीड घेण्याचा आपला उपाय मला चुकीच्या दिशेचा वाटतो.

ओबोची नळी शंकूची असली, तरी त्या शंकूचे टोक कापलेले असते. ज्या टोकाकडे तो निमुळता होत गेला असता, तिथे स्टेपल (रीडची पाती जिच्यावर बांधतात ती छोटी नळी) आणि रीड बसतात, आणि हवेच्या दृष्टीने त्या हरवलेल्या टोकाची जागा त्यांनीच भरून काढायची असते. ही जागा जितकी तंतोतंत भरली जाते, तितकी खालच्या आणि वरच्या सप्तकांची जुळणी खरी होते. यात रीडच्या आतली पोकळी तर मोजली जातेच, पण तिच्या पात्यांचा लवचीकपणाही मोजला जातो. मऊ आणि फार उघडी रीड हवेला प्रत्यक्ष मापापेक्षा मोठी भासते. भासमान जागा मोठी झाली की सगळेच स्वर थोडे उतरतात, पण वरचे अधिक उतरतात, कारण वरच्या स्वरांसाठी हवेचा स्तंभ आखूड असतो आणि त्यात या टोकाचा वाटा मोठा ठरतो. परिणामी सप्तके अरुंद होतात. ए४ बरोबर जुळवला तरी ए५ खाली लोंबतो किंवा टिकत नाही.

आपण म्हणाल की माझा ए५ तर चढा लागतो, मग रीड उतरती कशी असेल? बहुतेक जण इथेच गोंधळतात. लोंबणारा स्वर कानाला सहन होत नाही, म्हणून वाजवणारा नकळत रीड दाबतो. दाबल्याने पाती जवळ येतात, पोकळी लहान होते, स्वर चढतो. पण हा चढ मोजून मापून होत नाही, तो हव्या त्या ठिकाणाच्या पलीकडे जातो. शिवाय दाबलेली पाती मोकळेपणाने कंप पावत नाहीत, म्हणून स्वर बारीक आणि कर्कश होतो. कडक रीड घेतल्यावर हाच दाब दुसऱ्या कारणासाठी द्यावा लागतो: जाड टोक कंप पावायलाच तयार नसते. मग रीड मऊ असो वा कडक, ओठ दाबतच राहतात. रीडवर लिहिलेल्या मऊ, मध्यम, कडक या शब्दांवरून तिची स्थिरता कळत नाही. स्थिरता रीडच्या मधल्या भागात, ज्याला रीड बनवणारे हार्ट म्हणतात त्यात, किती वेत शिल्लक आहे यावर, एकूण लांबीवर आणि वेताच्या स्वतःच्या ताणावर अवलंबून असते. माझ्या मते वरच्या पल्ल्यासाठी उत्तम रीड म्हणजे टोकाला सहज बोलणारी आणि मध्यभागी न झुकणारी रीड.

आपल्या रीडची परीक्षा अशी घ्या. ट्यूनर (स्वर चढा की उतरता ते दाखवणारे उपकरण) समोर ठेवून ए४ सौम्य पण भरीव वाजवा, तो जुळू द्या आणि ओठ, जबडा, श्वास यांपैकी काहीही न बदलता फक्त ऑक्टेव्हची चावी दाबा. ट्यूनरचा काटा काय म्हणतो ते सोबतच्या कोणाला तरी पाहू द्या, कारण स्वतः पाहिले की ओठ आपोआप दुरुस्ती करू लागतात. ए५ उतरला किंवा पुन्हा खाली कोसळला, तर रीडचा कणा कमजोर आहे. ए५ बऱ्यापैकी सुरात आला आणि फक्त ओठ आवळल्यावरच चढा होत असेल, तर रीडला दोष देण्याचे कारण नाही; ती सवय आहे.

दुसरी परीक्षा रीड नुसती वाजवण्याची. ती दोऱ्यापर्यंत तोंडात घेऊन, ओठ अगदी सैल ठेवून फुंकली की एक घोगरा, खरखरीत आवाज येतो. लांब स्क्रेपच्या रीडमध्ये या आवाजात सी हा स्वर दोन सप्तकांत एकदम ऐकू यावा, असा संकेत आहे. आखूड स्क्रेपच्या रीडला हा नियम तितका काटेकोर लावता येत नाही, पण तिथेही आवाज स्थिर असावा आणि जोर वाढवल्यावर तो खाली घसरू नये. तो सीच्या खाली असेल किंवा घसरत असेल, तर वरचा पल्ला लोंबणारच. उपाय टोक कापण्याचा आहे, मात्र एका वेळी ०.१ ते ०.२ मिमीपेक्षा जास्त कापू नये आणि दर वेळी ए४ ते ए५ ही उडी पुन्हा तपासावी. कापल्यामुळे टोक जाड होते, ते दोन्ही कोपऱ्यांकडून पुन्हा हलके पातळ करावे लागते. वरचा पल्ला अस्थिर असताना हार्टला सुरी लावू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तिथून काढलेले वेत परत घालता येत नाही, आणि पहिल्या पाच मिनिटांत रीड सोपी झाल्यासारखी वाटली तरी सी६ त्याच सोपेपणात हरवतो. लांब स्क्रेपची पूर्ण रीड साधारण ७० मिमी आणि आखूड स्क्रेपची साधारण ७२ मिमी असते. आपली रीड याहून बरीच लांब असेल, तर कापायला वाव आहे, आणि आधीच आखूड असूनही उतरत असेल, तर ती थकली आहे, तिच्यावर आणखी वेळ घालवू नये.

रीडच्या दोन बारीक गोष्टी राहिल्या. स्टेपलचे खालचे तोंड बोटाने बंद करून रीडमध्ये फुंकावे. पात्यांच्या कडांमधून हवा सुटत असेल, तर वरचे स्वर फुसफुसतात. दोऱ्याच्या वर पातळ प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळल्याने हे बहुधा थांबते. आणि रीड वाद्यात पूर्ण आत बसवावी. स्वर चढा लागतो म्हणून पुष्कळ जण ती दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढतात, पण त्यामुळे स्टेपलच्या खाली एक रिकामी पोकळी तयार होते, आणि ज्या सप्तकाची जुळणी आधीच नाजूक आहे, तेच सर्वांत आधी बिघडते.

वाद्य आणि रीड यांची शहानिशा झाल्यावरच मी श्वास आणि ओठ यांकडे येते, आणि येथे माझे मत आपल्याला मिळालेल्या सल्ल्याच्या नेमके विरुद्ध आहे. वरच्या स्वरांसाठी हवेचा दाब वाढला पाहिजे हे खरे, पण तो पोटाच्या स्नायूंनी वाढवायचा असतो. मोत्सार्टने १७८१ मध्ये लिहिलेल्या ओबो क्वार्टेटमध्ये एफ६ पर्यंतचे स्वर आहेत आणि त्या काळातल्या दोन चाव्यांच्या ओबोला ऑक्टेव्हची चावीच नव्हती. ते वादक श्वास, रीड आणि बोटांची मांडणी यांच्या बळावर तिथे पोहोचत असत. आजच्या वाद्यावर चावी ती वाट सोपी करते, पण ती वाट चालायची हवेनेच. ए५ कडे जाताना स्वर मोठा करायचा आहे अशी कल्पना करून हवेचा वेग वाढवा आणि ओठांना काहीही सांगू नका. जीभ आत किंचित उंच, ‘ई’ म्हणताना असते तशी, ओठ बाहेरून ‘ऊ’ म्हणताना असतात तसे गोल आणि कोपरे पुढे आलेले, दातांमधले अंतर मोकळे. रीडवरचा दाब सर्व बाजूंनी सारखा असावा. तो वरून आणि खालून आला की त्यालाच चावणे म्हणतात. सी६ च्या पुढे रीड एखादा मिलिमीटर अधिक आत घ्यावी लागते, मात्र ती हनुवटी वर न ढकलता ओठांच्या गोलाव्यातून आत सरकली पाहिजे.

ओबोवादकाची हवा सहसा संपत नाही, ती शिळी होते. रीडचे तोंड इतके बारीक असते की फुप्फुसातली थोडीच हवा बाहेर पडते आणि उरलेली आतच कोंडली जाते. त्यावर नवा श्वास घेतला की छाती भरून येते, खांदे वर जातात, घसा आवळतो आणि नेमक्या वरच्या स्वरांच्या वेळी आधार सुटतो. दहा मिनिटांत येणाऱ्या थकव्यात ओठांइतकाच याचाही वाटा असू शकतो. म्हणून प्रत्येक विरामाच्या जागी आधी श्वास सोडा, मग घ्या. सुरुवातीला पाच मिनिटे वाजवून एक मिनिट थांबा. दुखऱ्या ओठांनी केलेला रियाज फक्त चावण्याचाच रियाज होतो.

रियाजासाठी मी एकच गोष्ट सर्वांत आधी देते, आणि ती म्हणजे हार्मोनिक स्वर, म्हणजे खालच्या स्वराच्या बोटांवर हवेने काढलेले वरचे स्वर. एफ४ ची बोटे ठेवून दुसरी ऑक्टेव्ह चावी उघडा आणि हवेचा वेग वाढवा: सी६ ऐकू येईल, थोडा धूसर, पण सुरात. त्याच तऱ्हेने ई४ च्या बोटांवर बी५ आणि डी४ च्या बोटांवर ए५ मिळतो. हे स्वर ओठ दाबून येतच नाहीत, दाबले की ते तुटतात. त्यामुळे शिक्षक शेजारी नसतानाही ते आपल्याला बरोबर शिकवतात. हार्मोनिक सी६ चार मात्रा धरा, मग श्वास न तोडता नेहमीच्या बोटांवर या. बोटे बदलताना ओठांत काहीही हलले नाही, तर नेहमीचा सी६ एकदम मोकळा आणि उजळ लागतो. पहिल्यांदा हे घडते तेव्हा बहुतेक जण वाजवायचे थांबून रीडकडे पाहू लागतात. रोज दहा मिनिटे पुरेशी आहेत, आणि ती थकण्यापूर्वीची दहा मिनिटे असावीत.

डी६ आणि ई६ विषयी मी मुद्दाम शेवटी लिहीत आहे, कारण ए५ ते सी६ हा टप्पा मोकळा होईपर्यंत त्यांच्यामागे लागू नये. ते अजिबात येत नसतील, तर सर्वप्रथम हाफ-होल तपासा. डाव्या तर्जनीच्या पट्टीवर एक बारीक छिद्र असते. बोट खाली गुंडाळल्यासारखे वळवून फक्त ते छिद्र उघडायचे असते आणि पट्टी मात्र दाबलेलीच राहिली पाहिजे. बोट उचलले गेले किंवा छिद्राचा काही भाग झाकलेला राहिला, तर डी६ येत नाही. हे वळण सी५ ते डी५ या सोप्या जागी पक्के करून मग वर न्यावे. ते छिद्रही मळाने बुजते, म्हणून तेही पाहून घ्या. सी६, सी शार्प ६, डी६ असे अर्ध्या-अर्ध्या स्वराने, प्रत्येक दिवशी जिथवर ओठ सैल राहतात तिथवरच चढा. ई६ आणि एफ६ यांसाठी एकाहून अधिक मांडण्या प्रचलित आहेत आणि त्यांतली कोणती चालेल हे वाद्यागणिक आणि रीडगणिक बदलते. आपल्या वाद्याला तिसरी ऑक्टेव्ह चावी असेल, तर ई६ पासून पुढे तिची बरीच मदत होते, नसेल तर थोडा अधिक धीर धरावा लागेल.

आजच अंगठा उचलून ए५ वाजवून पाहा (वाद्य पूर्ण स्वयंचलित असेल, तर त्याऐवजी आरशासमोरची तपासणी करा) आणि त्याने फरक पडला का, रीडची एकूण लांबी किती मिलिमीटर आहे आणि ऑक्टेव्हची यंत्रणा कोणती आहे, या तीन गोष्टी मला कळवा. अंगठा उचलल्याने ए५ सुधारला असेल, तर नवीन रीड घेण्यापूर्वी वाद्य दुरुस्तीला द्या. सुधारला नसेल, तर कडक रीड बाजूला ठेवून आपली जुनी मध्यम रीड घ्या, ए४ ते ए५ या उडीची परीक्षा तिच्यावर करा आणि काटा कुठे थांबतो तेही लिहा.